पियानो वाजला की बांधावर बाई दिसायची

डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या महिन्यात शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला आकडीच्या आधी काही दिसतं का हो?" त्यांना दिसत होतं. बायकोला त्यांनी ते सांगितलं नव्हतं आणि डॉक्टरांनाही नाही. लोक वेडा म्हणतील, ही भीती. मीही आठ महिने असाच गप्प बसलो होतो, आणि त्या गप्प बसण्याची शिक्षा माझ्यापेक्षा जास्त माझ्या बायकोनं भोगली. मला त्यांना तिथे, नंबर पुकारले जात असताना, सगळं सांगता आलं नाही. म्हणून लिहायला बसलोय.

मी लेखक नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर सव्वीस वर्षं नोकरी केली. ट्रक काट्यावर चढला की आकडा बघायचा, पावती फाडायची. न दिसणाऱ्या गोष्टींशी माझा कधी संबंध आला नव्हता.

खालच्या मजल्यावर

आम्ही नवीन पनवेलला पहिल्या मजल्यावर राहतो. मी आणि सुनंदा. मुलगी पुण्याला नोकरी करते. सुनंदा घरीच ब्लाउज शिवते, आणि तिच्या हाताला इतकी मागणी की लग्नसराईत आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नसते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बरोबर खालच्या घरात साळवेबाई राहायला आल्या. मूळच्या नगरच्या. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आणि बाईंनी मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षं संगीत शिकवलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. सोबत आणलं ते चार पेट्या आणि एक काळा, उभा पियानो. तो आत न्यायला दाराची चौकट काढावी लागली तेव्हा सगळी सोसायटी गोळा झाली होती.

शनिवारी चार वाजता बाई आम्हाला ऐकायला बोलवायच्या. चहा, खारी आणि सात-आठ खुर्च्या. वाजवायच्या ते सगळं विलायती, शास्त्रीय. आमच्यापैकी कुणालाच त्यातलं काही कळत नव्हतं. बाईंची अट एकच होती. तुकडा संपला की काय दिसलं ते सांगायचं.

"छान वाटलं म्हणाल तर मला काय समजणार?" त्या म्हणायच्या. "डोळ्यांपुढे काय आलं ते सांगा. काही आलं नसेल तर तसं सांगा."

आणि गंमत म्हणजे लोकांना दिसायचं. बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णी म्हणाले, "बर्फ. मी जन्मात पाहिलेला नाही, पण पायाखाली करकरत होता." दुसऱ्या मजल्यावरच्या नसीमभाभींना त्याच तुकड्यात दुपारचं घर दिसलं. "सगळे झोपलेत, मी एकटीच जागी. अजीबसी उदासी होती." सुनंदा म्हणाली, "मला भिंतीवरची पाल दिसली. थांबून थांबून जाते ना, तशी." सगळे हसले. बाई सर्वांत जास्त हसल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"तुकडा एकच," त्या म्हणाल्या, "आणि बघा. जो तो आपलंच काहीतरी घेऊन बसतो."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हात्रे, तुम्ही?"

मी म्हणालो, "मिठागर."

ती

मी खाडीकाठच्या गावातला. उरणच्या बाजूला आमच्या लोकांची मिठागरं होती. आता तिथे भराव टाकून कंटेनरचं यार्ड झालंय. चार वर्षांचा असताना आई तापानं गेली आणि पुढे शाळेसाठी मला पनवेलला मामांकडे ठेवलं. तेव्हा मिठागर दिसलं यात नवल नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पण इतरांचं दिसणं आणि माझं दिसणं यात फरक होता. कुलकर्ण्यांचा बर्फ तुकडा संपला की वितळायचा. मला आधी चिखलाचा वास यायचा, ऊन लागून फसफसलेल्या खाजणाचा. मग पियानोचे खालचे, जड सूर बदलत जाऊन फळीखालून पाणी वाहावं तसे ऐकू यायचे. आणि मग भर दुपार. इतकं ऊन की सगळं पांढरं. समोर बांध. बांधाच्या टोकाला उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं किंवा अडवायचं ते दार. आणि तिथे एक बाई, कासोटा घातलेली, माझ्याकडे पाठ करून बसलेली. तिचा एक हात खांद्यापर्यंत पाण्यात होता. खाली काहीतरी चाचपत होती. शेजारी लोखंडी घमेलं.

बस, एवढंच. पण तिला माहीत होतं की मी मागे आहे. ते मला कसं कळायचं हे सांगता येत नाही. बंद दाराच्या पलीकडे कुणी उभं असलं की कळतं, तसं कळायचं.

पुढच्या शनिवारी बाईंनी वेगळा तुकडा वाजवला. कुलकर्ण्यांना या वेळी सर्कशीचा तंबू दिसला. मला तीच बाई. त्याच्या पुढच्या शनिवारी तीच. फक्त मान किंचित वळलेली, कान दिसेल इतकी.

मी खोटं बोलायला लागलो. कधी 'नाव दिसली' म्हणायचो, कधी 'डोंगर'. एकदा सगळे उठून गेल्यावर साळवेबाईंनी मला थांबवलं.

"म्हात्रे, तुम्हाला नाव दिसलेली नाही. तुमच्या कपाळावर घाम आलाय."

मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी वही मिटली.

"इतकी वर्षं मी मुलांना विचारत आले," त्या म्हणाल्या, "एकाच माणसाला प्रत्येक तुकड्यात एकच गोष्ट दिसते, असं कधी झालं नाही. हलके, नाचाचे तुकडे असतात, त्यातसुद्धा?"

"खालचे सूर आले की."

"मग तुम्ही डॉक्टरकडे जा."

मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. भीती वाटायची, अंगावर काटा यायचा आणि तरी शनिवारची वाट बघायचो. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण त्या गृहस्थांच्या डोळ्यांतही मला तेच दिसलं.

काट्यावर

मग ती शनिवार सोडून इतर दिवशीही यायला लागली. टीव्हीवर एका जाहिरातीत मागे पियानो होता, तेव्हा दोन क्षण खाजणाचा वास आला. सुनंदाच्या एका गिऱ्हाइकाचा फोन वाजला, तेव्हा हातातला चहाचा कप कलंडला. पियानो आपल्याभोवती किती ठिकाणी वाजतो, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, काट्यावर एक ट्रेलर चढला. ड्रायव्हर खिडकीशी कागद घेऊन आला आणि त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. पियानोचीच धून. पुढचं मला आठवतं ते असं: मी जमिनीवर, तोंडात रक्ताची चव, एका हातात कुणीतरी कोंबलेला किल्ल्यांचा जुडगा आणि नाकाशी चप्पल. वर दहा-बारा चेहरे.

"मिरगी हाय ही," कुणीतरी म्हणालं.

"नाय रे, ऊन लागला त्याला."

मी दुसऱ्याचं म्हणणं धरून बसलो. ऊन लागलं, असंच घरी सांगितलं.

वाचणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबतो. किल्ल्या, चप्पल, कांदा यातलं काहीही उपयोगाचं नाही. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर सरळ रुग्णालय गाठा. ही माहिती आमच्या काट्यावर आता भिंतीवर लावली आहे. ती मी लावली.

निदानाचा दिवस

जुलैमध्ये सुनंदाचा थायरॉइडचा रिपोर्ट घ्यायला आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथला वेटिंग हॉल थंडगार, पांढरा. खुर्च्या पांढऱ्या, लाद्या पांढऱ्या. रुग्णांना शांत वाटावं म्हणून छतातल्या स्पीकरवर हळू आवाजात काहीतरी चालू होतं. मी आधी लक्ष दिलं नाही. मग वास आला.

मी सुनंदाला म्हणालो, "चल, बाहेर जाऊ." ती म्हणाली, "अहो, आता नंबर येईल." मी उठलो. समोरच्या लाद्या मिठागराच्या वाफ्यांसारख्या चौकोन चौकोन चमकत होत्या आणि रिसेप्शनच्या काउंटरपाशी ती बसली होती. गाल दिसत होता. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं होतं.

रुग्णालयातच कोसळलो हे माझं नशीब. संध्याकाळपर्यंत मेंदूच्या डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी सुनंदाला विचारलं, "पडण्याआधी काय चाललं होतं?"

"काही नाही हो. बसलो होतो. गाणं चाललं होतं."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "गाणं?"

आणि मी रडायला लागलो. एक्कावन्न वर्षांचा माणूस, सलाइन लावलेला, आणि पहिल्यांदा सगळं सांगत होतो. वास, पाणी, बाई. सुनंदा भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता डॉक्टर मानसोपचारवाल्यांकडे पाठवणार.

त्या म्हणाल्या, "ही एपिलेप्सी आहे. तुमची जरा दुर्मीळ तऱ्हेची. काहींना लखलखत्या दिव्यांनी झटका येतो, तुम्हाला विशिष्ट संगीतानं. जे दिसतं ते झटक्याचंच पहिलं पाऊल. तुम्ही वेडे नाही आणि तुम्हाला कुणी धरलेलंही नाही."

आम्ही रिक्षात बसलो. सुनंदा म्हणाली, "आठ महिने? साळवेबाईंना माहीत होतं आणि मला नव्हतं?"



चार दिवस वायरी लावून

खात्री करायला मला चार दिवस रुग्णालयात ठेवलं. डोक्याला चिकटवलेल्या वायरी, वर पट्ट्या, समोर कॅमेरा. सकाळी सहाला रक्तदाब, साताला चहा, आठला उपमा. अंघोळ नाही. शेजारच्या पलंगावरचे आजोबा दिवसभर 'आमची गाडी आली का' विचारायचे. तिथली तंत्रज्ञ मुलगी कोन गावची होती, बोलकी. वायरी चिकटवताना हळुवार हातानं केस बाजूला करायची आणि म्हणायची, "काका, दुखलं तर ओरडा, मला चालतं." आजारपणात अशा हातांचं मोल फार असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कानाला हेडफोन लावून मला पियानो ऐकवला. डॉक्टर, नर्स, सगळे तयारीत. आपल्यावर संकट आणायला पाचजण शांतपणे उभे आहेत, हे फार चमत्कारिक वाटतं. तबला, बासरी, सिनेमाची गाणी आधी ऐकवली. काही झालं नाही. मग खालचे सूर आले आणि वास आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चित्रीकरण दाखवलं, माझ्याच हट्टाखातर. पडद्यावर मी पलंगाच्या मधोमध बसलेलो. मग तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलायला लागतं. मी दाराकडे बघतो. दारात कुणी नाही. मी हसतो. मग वायरी सांभाळत उजवीकडे सरकतो आणि डावीकडची चादर हातानं सारखी करतो.

ती तंत्रज्ञ मुलगी माझ्या मागे उभी होती. तिनं विचारलं, "काका, जागा कोणासाठी केलीत?"

डॉक्टर तिच्यावर रागावल्या. पण पडद्यावरचा मी त्या रिकाम्या जागेकडे बघत होतो, आणि तसं प्रेमानं मी आयुष्यात कुणाकडे बघितलं असेल असं मला वाटत नाही. सुनंदा खोलीबाहेर निघून गेली.

वनूबाय

गोळ्या सुरू झाल्या. बांधावरची बाई दिसेनाशी झाली. मोटारसायकल बंद झाली, काट्यावरून मला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. झोप, जडपणा, शब्द न आठवणं. 'कात्री' हा शब्द एकदा पाच मिनिटं सापडला नाही. हे सगळं सुसह्य होतं. साळवेबाईंनी आपणहून शनिवार बंद केले. पियानोवर जाड रजई टाकून त्या दारं-खिडक्या लावून मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या.

गणपतीनंतर माझी मोठी बहीण बघायला आली. वनूबाय माझ्याहून सात वर्षांनी मोठी, अजून गावातच असते. तिला आजाराचं कळलं होतं, दिसण्याचं नाही. सुनंदा स्वयंपाकघरात होती. मी बोलता बोलता बायला सगळं सांगितलं, गंमत सांगावी तसं. उघाडी, घमेलं, पाण्यात खांद्यापर्यंत घातलेला हात.

तिच्या हातातला लाडू बशीत परत गेला.

"तुला ह्या कोनी सांगितला?"

"कोणी नाही. दिसायचं मला."

"लुगडा कंचा व्हता?"

"तांबडं. पदराला हिरवी दोरी शिवलेली."

तिनं बशी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "आय तापान नाय मेली रं."

उघाडीची फळी अडकली होती. भरती चढत होती, आणि पाणी आत आलं असतं तर तयार झालेलं मीठ गेलं असतं. आई हात घालून फळी काढत होती. तिनं वनूबायला प्यायचं पाणी आणायला पाठवलं.

"मी येईपरयंत काय नव्हता. घमेला व्हता आनि तू व्हतास. बांधावं बसलेला. गप. तुझ्या पायाला पानी लागलेला. मी इचारला आय कंय हाय, तर तू बोललाच नाय. पुढं कितीतरी दिस बोलला नायस."

"मग मला ताप का सांगितलंत?"

"बा बोलला, पोराला कलता कामा नाय. मंग सगलीच तसा बोलाय लागली. मी बी."

मी विचारलं, "तिचा फोटो आहे का एखादा?"

"मिठावं राबनाऱ्या बाईचा फोटो कोन काढतो?"

डॉक्टरांना मी पुढच्या भेटीत हे सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ती जुनी आठवण असू शकते. लहानपणी कुणाच्या बोलण्यातून कानावर पडलेलं मेंदूनं रंगवलेलंही असू शकतं. मी तुम्हाला एक सांगून दुसरं खोटं पाडू शकत नाही. पण झटका हा झटका आहे. त्यात शोधायला जाऊ नका."

माझ्या मनात काय चाललंय ते त्यांनी ओळखलं होतं.

मी काय केलं

हे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

मी गोळ्या बंद केल्या. सुनंदा सकाळ-संध्याकाळ गोळी हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची. मी गोळी गालात धरून न्हाणीघरात जायचो आणि थुंकायचो. असं अठरा दिवस. तिच्या डोळ्यांदेखत, पाणी पिऊन 'आ' करून दाखवायचो आणि ती हसायची. मला फक्त एकदाच बघायचं होतं. मान एवढी वळली होती, गालापर्यंत. अजून जराशी वळली की आईचा चेहरा दिसला असता. ज्यांच्याकडे आईचा फोटो आहे त्यांना हे कळणार नाही, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना मी सांगायला नको.

एका मंगळवारी सकाळी सुनंदा अस्तराचं कापड आणायला बाजारात गेली. मी खाली उतरलो.

"बाई, डॉक्टर म्हणाल्या, आता ऐकायला हरकत नाही. थोडं वाजवता का?"

साळवेबाईंचा चेहरा किती उजळला. त्यांनी रजई काढली, घडी करून ठेवली, बोटं पुसली. "हळू वाजवते," म्हणाल्या. "नको वाटलं तर लगेच हात वर करा."

वास आला. फळीखालचं पाणी ऐकू आलं. ती तिथेच होती. पाणी तिच्या छातीपर्यंत. माझ्या पायांना गार लागलं, खरोखरच लागलं. मी वाट बघत होतो. मग तिनं पाण्यातला हात काढला, आणि ती वळली.

मी तिचा चेहरा पाहिला. एवढं मला शपथेवर सांगता येतं, पाहिला. आणि तो माझ्याजवळ नाही. झटका जाताना सगळं पुसून गेला. पहाटेचं स्वप्न जागेपणी निसटतं, पण निदान त्याचा रंग तरी मागे राहतो. इथे काहीच राहिलं नाही.

नंतरचं मला इतरांकडून कळलं. बाईंनी खिडकीतून हाका मारल्या. सुनंदा तेवढ्यात फाटकातून आत येत होती, ती पिशवी टाकून धावली. झटका थांबल्यावर माणूस काही मिनिटं शुद्धीत नसतो, तेव्हा त्याला घट्ट धरू नये. तिला ते माहीत नव्हतं. तिनं मला मिठी मारली, आणि मी तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती पियानोच्या स्टुलाला अडखळून मागे पडली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

साळवेबाईंनी दोन दिवसांनी मला खाली बोलवून घेतलं. बसा म्हणाल्या नाहीत.

"तुम्ही पडण्याआधी बोललात. लहान मुलाच्या आवाजात. 'आये, पानी आला. आये, वर ये.' तीन वेळा."

मामांच्या घरी आणि पनवेलच्या शाळेत माझी ती बोली कधीच घासून पुसून टाकली होती. मी 'पाणी' म्हणतो. चाळीस वर्षं म्हणतोय.

"आणि एक," बाई म्हणाल्या. "तुम्ही हे माझ्या हातांकडून करून घेतलंत. मला न सांगता."

पियानोचं झाकण त्यांनी त्यानंतर चार महिने उघडलं नाही.

मनगट

सुनंदाचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. ऐन लग्नसराई. मशीनवर तिनं चादर टाकून ठेवली. मी भाजी चिरायचो, तिची वेणी घालायचो, वाकडीतिकडी. ती गोळी हातावर ठेवायची नाही. डबी टेबलावर सरकवायची आणि बघत बसायची, गिळेपर्यंत, आणि गिळल्यानंतरही.

एक दिवस वेणी घालताना, माझ्याकडे पाठ असताना, ती म्हणाली, "तुम्हाला गेलेल्या माणसाचं तोंड बघायचं होतं. माझं रोज समोर होतं. ते कधी बघितलंत?"

घरातल्या माणसांवर आजारपणाचा काय ताण येतो, हे लोक विचारतात तेव्हा मी हे वाक्य सांगतो. मी वेणी पूर्ण केली.

वनूबायकडे मी स्वतः गेलो, बसनं. साळवेबाईंनी जे ऐकलं ते तिला सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं की यावरून काही सिद्ध होत नाही. ती अंगणात सुकट निवडत होती. हात थांबले.

"तू हाक मारलीस तिला?"

"असं दिसतंय."

"मना वाटायचा तू नुसता बघत बसलास," ती म्हणाली. "मी तुझ्यावं राग धरला व्हता रं. चार वर्साच्या पोरावं. येवढी वर्सा."

मग ती रडली, आणि मीही. समोर यार्डातली क्रेन कंटेनर उचलून ठेवत होती, आणि आम्ही म्हाताऱ्या माणसांसारखे एकमेकांचे हात धरून बसलो होतो. हे खरं की खोटं, मेंदूनं रचलेलं की घडलेलं, मला अजून माहीत नाही. बायला त्या दिवसापासून झोप लागते, एवढं ती सांगते.

आता

त्यानंतर गोळ्या बदलल्या, मात्रा वाढली. वर्ष झालं, एकही झटका नाही. माझं चांगलं चाललंय असं डॉक्टर म्हणतात. जे उपचार घेत आहेत त्यांना एकच सांगतो. गोळी मनानं बंद करू नका, आणि जे दिसतं ते पहिल्याच दिवशी घरच्या माणसाला सांगा. वेडा म्हणतील ही भीती खरी आहे, पण लपवण्याची किंमत दुसरंच माणूस मोजतं.

डॉक्टरांनी हल्ली थोडं थोडं ऐकायला परवानगी दिली आहे, घरचं माणूस शेजारी असेल तर. मी साळवेबाईंकडे माफी मागायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सुनंदा हो म्हणाली तरच." सुनंदानं तीन आठवडे घेतले. मग एका दुपारी स्वतःच म्हणाली, "चला."

पहिल्यांदा बाईंनी दोन मिनिटांचा तुकडा वाजवला. मला काही दिसलं नाही. नुसते सूर. आईला दुसऱ्यांदा पाण्यात सोडून आल्यासारखं वाटलं, आणि मी कुणाला काही सांगितलं नाही. वर येताना जिन्यात मी सुनंदाला विचारलं, "तुला काय दिसलं?"

"तुमचा डावा अंगठा," ती म्हणाली. "झटका यायच्या आधी तो बोटावर घासायला लागतो. तुम्हाला माहीत नाही. त्या हॉलमध्ये मी पाहिला होता, रुग्णालयाच्या कॅमेऱ्यात पाहिला. पियानो सुरू झाला की मला तेवढंच दिसतं. मी ऐकलंच नाही काही."

त्यानंतर आम्ही दर शनिवारी जातो. मी खुर्चीत, ती माझ्या डावीकडे, नजर माझ्या हातावर. मी हात मांडीवर उताणा ठेवतो, तिला नीट दिसावा म्हणून. कुलकर्णी, नसीमभाभी पुन्हा यायला लागले आहेत. त्यांना दिसतं ते ते सांगतात. आम्ही दोघं सांगत नाही, आणि बाई आम्हाला विचारत नाहीत.

परवाच्या शनिवारी बाईंनी एक लांबलचक तुकडा घेतला. निम्म्यात खालचे सूर आले. जड, सावकाश. मी सवयीनं श्वास रोखला. वास आला नाही. मी डावीकडे पाहिलं.

सुनंदा झोपली होती. मान खांद्यावर कललेली, तोंड जरासं उघडं, शिवण्याच्या चष्म्याची दोरी गळ्यात. माझ्या हातावर तिची नजर नव्हती. वर्षभरात मी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. रात्रीसुद्धा माझ्या श्वासावर कान ठेवून पडायची ती.

तुकडा संपत आला. बाईंनी वळून आमच्याकडे पाहिलं. मी त्यांना हातानंच खुणावलं, थांबू नका.